तुम्ही विचारलंत म्हणून: घोडी, पेन्सिल आणि अडकलेला श्वास

"बाई, पन्नाशीत घोड्यावर बसायचं काय खूळ? आणि त्यातून स्वतःबद्दल कळतं म्हणता, ते नक्की काय कळतं?" हे मला लग्नाच्या पंगतीत विचारलंय, शाळेच्या स्टाफरूममध्ये विचारलंय. एकदा तर दातांच्या डॉक्टरांनी विचारलं. तोंडात त्यांचीच उपकरणं असल्यामुळे उत्तर राहून गेलं. ते आज देते.

पहिले दोन महिने मी घोड्यावर बसलेच नव्हते. खरारा करायचा, खुरांतली माती काढायची आणि चांदणीला दोरीनं धरून चालवायचं, एवढंच. चांदणी मारवाडी घोडी, दत्तजयंतीला भरणाऱ्या सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेली. कानांची टोकं आत वळून एकमेकांना टेकायला आलेली. मी दोरी धरली की ही चार पावलं यायची आणि खिळायची. ओढलं की मान वर.

"मामा, हट्टी आहे हो ही," मी म्हटलं.

मोतद्दार मामा तंबाखू मळत होते. "बाई, तुमी दम धरून चालताय. तिला वाटतंय, फुडं कायतरी हाय."

मी श्वास रोखलाय हे मला माहीतच नव्हतं. सोडला. चांदणीनं मान खाली घातली, काही चघळल्यासारखे ओठ हलवले आणि निघाली. मला चक्क राग आला. घरच्यांना, मैत्रिणींना वर्षानुवर्षं जे दिसलं नव्हतं, ते हिला चार पावलांत कळावं?

पण तिला ते कळणारच. घोडा म्हणजे शिकार होणारं जनावर. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे जवळपास साडेतीनशे अंशांचं दिसतं. कळपात एकाची मान ताठली की बाकीचे कारण विचारत बसत नाहीत. अंगावर माशी बसली तर तेवढीच कातडी थरथरवणाऱ्या जनावरापासून माझा आखडलेला खांदा काय लपणार?

बर्लिनच्या हान्सची गोष्ट अनेकांना माहीत असेल. विल्हेल्म फॉन ओस्टेन या शिक्षकांचा हा घोडा बेरीज विचारली की टाप आपटून उत्तर द्यायचा. ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञानं कसून तपासलं आणि 1907 साली निष्कर्ष मांडले. विचारणाऱ्याला उत्तर माहीत नसेल किंवा तो घोड्याला दिसत नसेल, तर हान्स चुकायचा. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित हलायचं आणि टाप थांबायची. घोड्याला गणित येत नव्हतं, असं म्हणून ही गोष्ट बहुतेक जण संपवतात. मला पुढचं जास्त मोलाचं वाटतं: हे सगळं स्वतः शोधून काढल्यावरही फुंग्स्टला हान्ससमोर आपली हालचाल पुरती रोखता येईना.

माझंही तेच. कळलं म्हणून सुटलं नाही.

मामांनी श्वासाचं सांगितलं त्या रात्री मी जुन्या चित्रवह्या काढल्या. पंचवीस वर्षं चित्रकलेच्या तासाला मुलांना सांगत आले, कागदाकडे न बघता समोरच्या वस्तूच्या कडेवरून नजर फिरवा आणि हात सैल सोडा. माझ्या वह्यांत मात्र जिथे चेहरा आहे, तिथे हनुवटीची रेघ दाबलेली, काळी, मागच्या पानावर उमटलेली. गाल मोकळे, केस मोकळे. अवघड वळण आलं की श्वास बंद. पंचवीस वर्षांचा पुरावा माझ्याच कपाटात पडून होता.

पुढे खोगिरावर बसले तेव्हा कंबरेचंही कळलं. घोडा संथ चालत असताना वर बसलेल्याची कंबर साधारण आपण चालताना हलते तशीच हलते. उपचारासाठी घोडेस्वारी वापरतात ती यामुळेच. डेन्मार्कच्या लिस हार्टेलना पोलिओनंतर गुडघ्याखाली हालचाल नव्हती, तरी त्यांनी 1952च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये घोडेस्वारीचं रौप्यपदक मिळवलं. माझी फक्त डावी बाजू हलत नाही. पर्स नेहमी त्याच खांद्यावर.

आता घोड्याला गुरू म्हणणाऱ्यांची मला जरा धास्ती वाटते. चांदणीला माझ्या आत्मशोधात काडीचा रस नाही, तिला गवत हवं असतं.

गेल्या रविवारी पागेत जाण्याआधी एक फोन आला होता. मी अगदी शांत आहे अशा समजुतीत दोरी घेऊन गेले. चांदणीनं एक कान माझ्याकडे वळवला आणि दोन पावलं मागे सरकली. मामांनी काही न विचारता खराऱ्याचा ब्रश माझ्या हातात दिला.