पोस्टकार्ड हळू ओढलं तर

आमच्या वेळी शाळेची प्रयोगशाळा म्हणजे एक लाकडी कपाट. विज्ञानाचे सर त्याच्या वाटेला फारसे जात नसत. एक दिवस घरूनच स्टीलचा पेला घेऊन आले. पेल्यावर जुनं पोस्टकार्ड, कार्डावर रुपया. टिचकी मारली, कार्ड उडालं, रुपया खणकन पेल्यात. आम्ही टाळ्या पिटल्या.

"हे तर जत्रेतला जादूवालाबी करतो," सर म्हणाले. "आता कार्ड हळू ओढ." मी ओढलं. रुपया कार्डावर बसून मुकाट माझ्याकडं आला.

"आता कामून पडला नाही, सांगा लेकरांनो."

न्यूटनचा पहिला नियम, 1687 सालासकट, आम्हाला तोंडपाठ होता. पण नाण्याचं जडत्व, म्हणजे आहे तसंच राहायची खोड, दोन्ही वेळा तेवढंच, मग फरक कशाचा? तास संपेस्तोवर सरांनी उत्तर सांगितलं नाही. कार्ड नाण्याला सोबत नेतं ते घर्षणानं, आणि त्या ओढीला मर्यादा असते. हळू नेलं तर ती पुरते. टिचकीनं कार्ड एवढ्या चटकन निसटतं की ओढ मिळते क्षणभरच. तेवढ्यात नाण्याला म्हणावा असा वेग येत नाही.

मग दोऱ्यानं टांगलेल्या दगडाला खालून तसलाच दोरा बांधला. हिसका दिला, खालचा तुटला. हळू ओढला, तर वरचा तुटून दगड धाडकन टेबलावर. ते टेबल अजून असेल तर त्यावरचा खोक माझ्या हातचा आहे.

वीटही ओढली होती तानकाट्यानं, म्हणजे ओढ मोजायच्या स्प्रिंगच्या काट्यानं. आडवी ठेवा नाहीतर कडेवर, काटा जवळपास तिथंच. हे मला आजही मनातून पटत नाही.

पुढं मी एसटीत ड्रायव्हर झालो. पहिल्या पावसात ट्रॅक्टरच्या चाकांनी रानातली काळी माती डांबरावर आणलेली असते, टायरची पकड जाते. ब्रेक जोरात दाबला तर चाक थांबतं, गाडी घसरतच राहते. आणि कोरड्या रस्त्यावर गाडी गचकन थांबलीच, तर मागची पन्नास माणसं म्हणजे कार्डावरचे पन्नास रुपये. बाजारच्या दिवशी हमखास एखादी आजी मागून ओरडायची, "हळू घे रे बाबा, मांडीवर दह्याचं मडकं हाय!"

"घेतो, आजी," म्हणायचं आणि लांबूनच पाय हलका टेकवायचा.