आधी तो पाण्याचा तांब्या खाली ठेवा

कोणी चक्कर येऊन पडो, गाडीवरून पडो, की द्राक्षबागेत फवारणी करताना कोसळो, गर्दीतून पहिला आवाज ठरलेला, "अरे, पाणी पाजा त्याला!" माझी सगळी नोकरी कॅज्युअल्टीत गेली. आता निवृत्त आहे, पण नाशिकच्या द्वारका चौकात अपघात दिसला की रिक्षा थांबवायला सांगतेच. तिथेही कोणीतरी बाटलीचं झाकण उघडतच असतं.

बेशुद्ध माणसाला गिळता येत नाही. तोंडात ओतलेलं पाणी श्वासनलिकेत जातं. शुद्धीवर असला तरी मोठा मार लागलेल्याला काही पाजू नये, कारण ऑपरेशनची वेळ आली तर भूल देताना पोट रिकामं असलेलं बरं. आधी खांद्यावर थापटून मोठ्याने हाक मारा. ओ देत नसेल तर छाती हलतेय का ते १० सेकंदांत बघा. श्वास नीट चालू असेल तर डोकं, मान आणि पाठ एका रेषेत ठेवून कुशीवर वळवा, म्हणजे उलटी झाली तरी बाहेर पडेल. श्वास नसेल, किंवा मधूनच आचके दिल्यासारखा येत असेल, तर १०८ लावायला सांगा आणि छातीच्या मधोमध दाबायला लागा: ५ ते ६ सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. बरगडी मोडेल म्हणून घाबरू नका. मोडलेली बरगडी जुळते.

फिट आलेल्याचंही तेच. पाणी नको, तोंडात चमचा नको, नाकाशी कांदा-चप्पल तर नकोच. आजूबाजूचं सामान सरकवा, डोक्याखाली मऊ काही द्या आणि घड्याळ बघा. ५ मिनिटांत थांबली नाही तर १०८.

दिंडोरी-निफाडकडच्या मंडळींनी पुढचं जरा नीट वाचा. फवारणीचं औषध अंगावर सांडलं, घाम सुटला, लाळ गळतेय, डोळ्यांतल्या बाहुल्या बारीक झाल्यात, स्नायू फुरफुरताहेत, तर ती विषबाधा समजा. इथे पाणी हवंच, पण बाहेरून! भिजलेले कपडे काढा आणि साबण लावून भरपूर पाण्याने अंग धुवा. डोळ्यांत गेलं असेल तर १५-२० मिनिटं डोळे धूत राहा. मदत करणाऱ्याने हातमोजे घालावेत; नसतील तर प्लास्टिकच्या पिशव्या हाताला गुंडाळाव्यात. पोटात गेलं असेल तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढायचा हट्ट गावोगाव अजून आहे. तो सोडा. उलटी फुफ्फुसात गेली तर विषावर उपचार करता करता ते दुसरंच दुखणं निस्तरावं लागतं. आणि बाटली सोबत आणाच. लेबलवर घटकाचं नाव असतं, सोबतच्या पत्रकात उताराही छापलेला असतो. "ते निळ्या झाकणाचं औषध" एवढ्यावर डॉक्टर काय करणार?

गोदावरीतून काढलेल्या माणसाचं पोट दाबून पाणी काढायची घाई असते. त्याला उलटं धरू नका, पोट दाबू नका. त्याला कमी पडलेला असतो प्राणवायू. श्वास नसेल तर आधी तोंडाने दोन श्वास द्या, मग ३० वेळा छाती दाबा, पुन्हा दोन श्वास, असं चालू ठेवा. रामकुंडावर उभं राहून सल्ले देणारे पुष्कळ, त्यांना बाजूला करायचं कामही कोणीतरी घ्यावं.

भाजलं तर मात्र नळाखाली धरा, चांगली २० मिनिटं. बर्फ, हळद, टूथपेस्ट काही नको.

पाजायचं पाणी कुठलं, तर जुलाब-उलट्यांत शुद्धीवर असलेल्याला ओआरएसचं. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ होती, सलाइन संपत आलं होतं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्यावर असंख्य रुग्ण वाचवले. पाकीट नसेल तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, लहान.

अपघातात मदत केली तर पोलीस मागे लागतील ही भीती आता बाळगू नका. २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय, नाव सांगायची सक्ती नाही. १०८ ला फोन लावल्यावर तो स्पीकरवर ठेवा. मळ्यातून बोलत असाल तर गाव, शिवार, जवळचं मंदिर किंवा पोल्ट्री सांगा आणि एखाद्या पोराला डांबरी रस्त्यावर उभं करा. गाडी बांधावरून उलटी फिरवण्यात फार वेळ जातो.