सारस 1:10, नोंद सातवी: शेपटी हलकी झाली

धान कापून झालं, बांध्या मोकळ्या झाल्या, आणि पावसाळाभर आढ्याला टांगलेलं सारस विमानाचं माझं उडतं मॉडेल परवा खाली काढलं. पंखांचा पसारा 147 सेंटिमीटर, खऱ्याचा 14.7 मीटर. आमच्या गोंदिया जिल्ह्यात सारसाची जोडी अजूनही धानाच्या बांधीत दिसते. त्याच नावाचं विमान बेंगळुरूच्या एनएएल या सरकारी विमान-संशोधन संस्थेनं बनवलंय हे कळलं तेव्हाच ठरलं, डॉर्नियर विमानाचं मॉडेल राहू दे, हेच करायचं.

पण हे विमान हात धरू देत नाही. दोन्ही टर्बोप्रॉप इंजिनं पंखांवर नाहीत, पार मागे धडाच्या दोन बाजूंना, आणि पंखेही मागच्या तोंडाला. त्यावर टी आकाराची शेपटी. सगळा भार मागे, म्हणून सी.जी., म्हणजे विमानाचा तोल जिथे साधतो तो बिंदू, जागेवर आणायला नाकात 148 ग्रॅम शिसं घातलं होतं. एकूण 2,240 ग्रॅम. मार्चमध्ये दोनदा उचललं, दोन्ही वेळा जड पडून धुऱ्यापर्यंतही पोचलं नाही.

खऱ्या सारसचं दुखणंही हेच. 29 मे 2004 ला उडालेला पहिला नमुना 5,118 किलोंचा भरला. आराखड्यात धरले होते 4,125. दुसऱ्यात काँपोझिट (धातूपेक्षा हलकं तंतूंचं साहित्य) वापरून साधारण 400 किलो उतरवले. तोच नमुना 6 मार्च 2009 ला बेंगळुरूजवळच्या बिडदीपाशी कोसळला, तिघे गेले. काम थांबलं, तरी सुधारलेलं सारस 24 जानेवारी 2018 ला पुन्हा उडालं. शेपटी सोलताना हे सारखं मनात होतं.

हिशोब असा: शेपटी सी.जी.च्या मागे 62 सेंटिमीटर, शिसं पुढे 58. म्हणजे मागचा एक ग्रॅम काढला की पुढचाही साधारण एक निघतो. प्लायवूडच्या फासळ्या काढून डेप्रॉन (हलका फोमचा पत्रा) आणि बांबूची कामटी लावली. कामटी गावातल्या बुरडानं तासून दिली. अंगठ्यावर वाकवून कानाशी धरली, बारीक कर्र आवाज आला तशी फेकली, "हे नाही पुरत भाऊ" म्हणाला आणि दुसरी काढली. शेपटी 94 वरून 41 ग्रॅमवर आली. दोन सर्व्होही (विमानाचे हलते भाग फिरवणारी छोटी यंत्रं) पंखाखाली आणले. शिसं 72 ग्रॅम, एकूण 2,111.

रविवारी कोरड्या बोडीत, म्हणजे आटलेल्या छोट्या तळ्यात, चाचणी. थ्रोटल दिला की नाक दबायचं, कारण मोटरींचा जोर सी.जी.च्या वरून जातो. मोटरींचं मागचं तोंड 3 अंश वर केलं. तिसऱ्या धावेत चाकं सुटली. एक मिनिट चाळीस सेकंद, दोन मोठी वळणं, आणि तणसाच्या ढिगाशेजारी सरळ उतरलं. डावी चाकाची तार वाकली, बाकी काही नाही.

पूर्ण थ्रोटलला नाक अजून किंचित खाली जातं. पुढच्या रविवारी 5 अंश करून बघतो. मागे पंखे असलेलं दोन मोटरींचं मॉडेल कुणी उडवलं असेल, तर किती अंश ठेवलेत ते सांगा.