तुम्ही विचारलंत म्हणून: विद्यार्थ्यांच्या परिषदेत कर्मचाऱ्यांचे काय काम?

मी अमेरिकेच्या मिडवेस्ट भागातल्या एका विद्यापीठाच्या नोंदणी कार्यालयात नोकरी करतो आणि एलजीबीटी, म्हणजे समलिंगी, उभयलिंगी आणि पारलिंगी (ट्रान्सजेंडर), महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या प्रादेशिक परिषदेला जातो, हे कळले की महाराष्ट्र मंडळातली ओळखीची माणसे, पुण्यातले नातेवाईक आणि एखादा प्राध्यापक मित्रसुद्धा हमखास विचारतो, "परिषद मुलांची, मग तिथे तुमचे काय काम?" या प्रश्नात कधी खरे कुतूहल असते, तर कधी "तुम्हीही तसेच का?" हे न विचारता विचारून घेण्याची सोय असते. त्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'हो' असे आहे; परंतु पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्याने मिळत नाही, कारण माझ्याबरोबर येणाऱ्या सहकाऱ्यांपैकी कित्येक जण समलिंगीही नाहीत आणि पारलिंगीही नाहीत.

परिषदेची ओळख थोडक्यात करून देतो. तिचे नाव इतके लांब आहे की मुले आद्याक्षरे जोडून तिला 'मंबलटॅक' म्हणतात. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून ती भरत आली आहे आणि ती वेगवेगळ्या ठिकाणी भरते. २०१६ मध्ये ती इंडियानातल्या परड्यू विद्यापीठात झाली, २०१९ मध्ये कॅन्ससमधल्या विचिटा येथे. शनिवार-रविवारला धरून दोन-तीन दिवस भाषणे, गटचर्चा आणि रात्रीचे कार्यक्रम चालतात. मक्याच्या शेतांमधल्या एखाद्या लहान महाविद्यालयातून चार-पाच मुले रात्रभर गाडी चालवत येतात आणि आपल्यासारखी इतकी माणसे एका सभागृहात आयुष्यात पहिल्यांदा पाहतात, एवढ्यानेच त्यांचा निम्मा प्रवास वसूल होतो. त्याविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. बाजूच्या लहान खोल्यांमध्ये वसतिगृहाचे व्यवस्थापक, समुपदेशक, ग्रंथपाल आणि माझ्यासारखे नोंदी सांभाळणारे लोक काय बोलत बसतात, याविषयी मात्र कोणी फारसे लिहीत नाही.

विद्यार्थी चार वर्षांनी निघून जातो. त्याने भांडून मिळवलेली गोष्ट कोणा कर्मचाऱ्याने कार्यपद्धतीत बसवली नसेल, तर पाचव्या वर्षी दुसऱ्या मुलाला तेच भांडण पहिल्यापासून करावे लागते. ॲन आर्बर येथील मिशिगन विद्यापीठात १९७१ मध्ये समलिंगी विद्यार्थ्यांसाठी देशातले अशा प्रकारचे पहिले कार्यालय सुरू झाले, ते विद्यार्थ्यांच्या चळवळीच्या रेट्यामुळे. पण ते टिकले, कारण तिथे पगारी माणसे नेमली गेली, भले सुरुवातीला ती अर्धवेळसुद्धा नव्हती. चळवळीच्या इतिहासात घोषणांना जितकी जागा मिळते तितकी पगारपत्रकाला मिळत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे.

माझ्या कामातले उदाहरण नावाचे आहे. पारलिंगी विद्यार्थ्याने निवडलेले नाव आणि त्याच्या जन्मदाखल्यावरचे नाव वेगळे असते, आणि अलीकडे बऱ्याच विद्यापीठांच्या संगणक प्रणालीत दोन्ही नावांसाठी स्वतंत्र रकाने असतात. बाहेरच्या माणसाला वाटते की रकाना आला म्हणजे प्रश्न मिटला. खरे काम तिथून पुढे सुरू होते. वर्गाच्या हजेरीपटावर निवडलेले नाव आले, पण ग्रंथालयाची प्रणाली वेगळी असल्याने तिथल्या खिडकीवर जुन्याच नावाने हाक मारली गेली, तर शेजारी उभ्या असलेल्या दहा जणांना सगळे कळते. याच्या उलट घडले तर ते अधिक धोक्याचे ठरते. शुल्काची थकबाकी कळवणारे पत्र प्रणाली आपोआप छापते आणि कायमच्या पत्त्यावर, म्हणजे घरी, पाठवते. त्यावर चुकून निवडलेले नाव छापले गेले, तर जी गोष्ट घरी कधी आणि कशी सांगायची हे त्या विद्यार्थ्याने ठरवायचे होते, ती पोस्टमन सांगून मोकळा होतो. म्हणून कोणता कागद कुठल्या रकान्यातून नाव उचलतो याची यादी करावी लागते, आणि परिषदेत मी ज्या बैठकीला न चुकता बसतो तिथे वेगवेगळ्या विद्यापीठांचे लोक या याद्याच एकमेकांना दाखवतात. १९७४ च्या संघीय कायद्याने महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या नोंदींवरचा हक्क पालकांकडून त्याच्याकडे आला खरा. पण नाव आणि ई-मेल यांसारखी माहिती 'निर्देशिकेतील माहिती' म्हणून उघड करता येते, आणि ती उघड करू नये असे लिहून द्यावे लागते, हे अठरा वर्षांच्या मुलाला कोणी सांगितल्याशिवाय कसे कळणार? आरोग्य विम्याचेही तसेच आहे. मूल सव्वीस वर्षांचे होईपर्यंत पालकांच्या विम्यात राहू शकते, पण त्याने घेतलेल्या उपचाराचा तपशील विमाधारकाच्या, म्हणजे पालकांच्या, नावाने घरी जातो. समुपदेशकांची अर्धी बैठक याच विषयावर चालते.

भारतातून आलेल्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत यात आणखी एक गाठ पडते. त्यांच्या व्हिसाच्या कागदांवरचे अधिकृत नाव पारपत्राशी जुळावे लागते, त्यामुळे तिथे निवडलेले नाव त्याची जागा घेऊ शकत नाही; शिवाय मराठी मुलांच्या पारपत्रात पुष्कळदा वडिलांचे नावही आलेले असते, आणि ते इथल्या प्रणालीत भलत्याच जागी जाऊन बसते. एका विद्यार्थिनीच्या ओळखपत्रावर तिने टाकून दिलेले नाव आणि वडिलांचे नाव दोन्ही ठळक अक्षरांत छापलेले मी पाहिले आहे. ती ओळखपत्र कायम उलटे करून गळ्यात घालत असे.

प्राध्यापकांविषयी कोणी विचारले की मी श्रीनिवास रामचंद्र सिरस यांचे नाव घेतो. ते अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवत, आधुनिक भारतीय भाषा विभागाचे प्रमुख होते आणि मराठीत कविता लिहीत. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये प्रौढांमधील सहमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले होते. असे असूनही फेब्रुवारी २०१० मध्ये काही जण त्यांच्या घरात घुसले, त्यांचे खासगी क्षण चित्रित केले गेले, आणि निलंबित झाले ते सिरस. १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने आदेश दिला आणि आठवडाभराच्या आत, ७ एप्रिलला, ते भाड्याच्या घरात मृतावस्थेत आढळले. वीसहून अधिक वर्षे त्या विद्यापीठात घालवलेल्या माणसामागे त्या दोन महिन्यांत किती सहकारी उघडपणे उभे होते, हा प्रश्न मला सोडत नाही. विद्यार्थ्यांसाठी निदान 'मुले आहेत' म्हणून कोणी तरी धावते. पन्नाशी-साठीतल्या प्राध्यापकासाठी तसे कोणी धावत नाही. परिषदेत प्राध्यापकांची स्वतंत्र बैठक असावी, या मताला मी आलो तो सिरस यांच्यामुळे.

अलीकडे हे सगळे अवघड झाले आहे. सरकारी विद्यापीठांतल्या विविधता आणि समावेशनाच्या कार्यालयांवर बंदी घालणारा टेक्सासचा कायदा १ जानेवारी २०२४ पासून, युटाचा त्याच वर्षीच्या १ जुलैपासून लागू झाला, आणि त्या राज्यांतल्या सरकारी विद्यापीठांची एलजीबीटी केंद्रे बंद झाली. आयोवा आणि ओहायो ही तर आमच्याच भागातली राज्ये, त्यांनीही त्याच धर्तीचे कायदे केले. केंद्र बंद झाले म्हणून मुले यायची थांबत नाहीत, परंतु त्यांना गाडीत घालून आणणारा, प्रवासखर्चाची बिले मंजूर करून घेणारा कर्मचारी दुसऱ्या विभागात गेलेला असतो. आता काही जण स्वतःची रजा टाकून, स्वतःच्या खर्चाने येतात. त्यांना मी प्रश्न विचारत नाही.

"आपल्याकडे असे काही होईल का?" हा पुढचा प्रश्न ठरलेलाच असतो. अगदीच काही नाही असे नाही. आयआयटी मुंबईत 'साथी' हा एलजीबीटी विद्यार्थ्यांचा गट २०११ पासून आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेत लिंगनिरपेक्ष वसतिगृह सुरू झाले. आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये रॅगिंगविरोधी नियमांत दुरुस्ती करून लैंगिक कल आणि पारलिंगी ओळख यांवरून होणारा छळ त्यात स्पष्टपणे घातला. पण मुंबईच्या मोठ्या संस्थांत जे आहे ते वाशीम किंवा सिंधुदुर्गातल्या महाविद्यालयात पोहोचवायचे, तर ते प्रादेशिक पातळीवरच करावे लागेल, आणि त्यासाठी लागणारी यंत्रणा आपल्याकडे तयार आहे: युवक महोत्सवासाठी आपली विद्यापीठे दरवर्षी जिल्ह्याजिल्ह्यांतून संघ नेतात, त्यांच्या राहण्या-जेवण्याची सोय करतात, सोबत शिक्षक पाठवतात. परिषदेसाठी याहून वेगळे काही लागत नाही. सुरुवात करणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे असते की सोबत येणाऱ्या शिक्षकांना आणि लिपिकांना कर्तव्य रजा मिळेल असे परिपत्रक आधी काढून घ्या, आणि मुलांना हजेरीसाठी जे प्रमाणपत्र द्याल त्यावर 'विद्यार्थी कल्याण परिषद' एवढेच छापा, कारण तो कागद वर्गशिक्षकाकडून घरापर्यंत कोणाकोणाच्या हातांतून जाईल हे तुमच्या ताब्यात नसते.