ऑफिसातला गारठा आणि माझा पुठ्ठा

आत्ता हे टाइप करताना माझ्या पायाखाली एक पुठ्ठा आहे. ए फोर कागदाचे गठ्ठे ज्या खोक्यातून येतात ना, तो खोका उघडून चपटा केलेला. अंगात ऑफिसमध्येच मुक्कामाला असलेला करडा स्वेटर, गळ्यात स्कार्फ. बाहेर ऊन असो नाहीतर पाऊस, माझा बारा महिने हाच अवतार, आणि नवीन जॉइन झालेलं कोणीही पहिल्या आठवड्यात विचारतंच, "बरं नाहीये का?" बरं आहे हो, थंडी वाजतेय फक्त.

दोन वर्षं मी एसीच्या आकड्याशी भांडण्यात घालवली. मी जाऊन 25 करायचे, पलीकडच्या टेबलवरचा सहकारी जिने चढून घामाघूम येतो तो 21 करायचा, मग मी पाणी आणायला उठल्याचं नाटक करून परत 25, असं चालायचं, आणि मग एक दिवस भिंतीवरच्या त्या पॅनेलवर प्लास्टिकची डबी आली आणि डबीला चक्क कुलूप.

तेव्हा चिडून बरंच वाचलं. 2015 साली नेदरलँड्समधल्या दोन संशोधकांनी लिहिलं होतं की ऑफिसचं तापमान ठरवायचं जे गणित आहे ते 1960च्या दशकातलं, आणि त्यात धरलेला माणूस म्हणजे 40 वर्षांचा, 70 किलोचा पुरुष. बायकांच्या शरीरात तयार होणारी उष्णता त्या हिशोबात 35 टक्क्यांपर्यंत जास्त धरली जाऊ शकते म्हणे. मी तो पेपर सहकाऱ्याला पाठवला. त्याने अंगठा दाखवला, वरती जाणारा, पण कुलूप काही निघालं नाही.

खरी गंमत दुसरीकडेच सापडली. कपडे किती ऊब देतात ते मोजायला 'क्लो' नावाचं एकक आहे, 1941 सालचं. 21 डिग्रीच्या खोलीत शांत बसलेल्या माणसाला बरं वाटेल इतके कपडे म्हणजे 1 क्लो, साधारण सूटबूट घातल्यासारखं. माझा सुती शर्ट आणि पॅन्ट त्याच्या निम्मीच भरते. पण त्याच व्याख्येत अजून एक अट आहे, खोलीत वारा जवळपास नको, सेकंदाला 10 सेंटिमीटर बस्स. आणि माझ्या तर बरोबर डोक्यावर एसीची हवा सोडणारं व्हेंट! अंगाभोवती हवेचा जो कोमट पातळ थर असतो तो हा झोत सारखा उडवून लावतो, म्हणजे एसी 21 वर असो की 25 वर, मी काकडणारच होते. दोन वर्षं उगाच आकड्याशी भांडले.

मग मेंटेनन्सच्या काकांना गाठलं. त्यांनी स्टुलावर चढून व्हेंटच्या पट्ट्या दोन बोटं फिरवल्या आणि झोत सरळ त्या घामाघूम सहकाऱ्याकडे वळवला, तो तर खूशच. हे काम पाच मिनिटांचं होतं, पाच!!

तरी महिनाअखेरीला गारठा परत यायचाच, ते काही कळेना. काकांनीच दाखवलं, "मॅडम, हा बघा सेन्सर, आणि हा बघा प्रिंटर." लेझर प्रिंटरच्या आत कागदावर शाई भाजली जाते त्यामुळे तो चांगलाच तापतो, आणि आमचा प्रिंटर नेमका भिंतीवरच्या सेन्सरखाली. महिनाअखेरीला रिपोर्टांचे ढीग निघायचे, सेन्सरला वाटायचं खोली तापलीय, आणि तो बिचारा इमानदारीत सगळ्यांना गार करत सुटायचा. यावर हसावं की रडावं, कारण विलिस कॅरिअरने 1902 साली पहिला एसी बनवला तोच मुळी ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी, दमट हवेने कागद आखडू-फुगू नये म्हणून. माणसं बिचारी नंतर आली. शेवटी प्रिंटर खिडकीकडे सरकवला.

मधल्या काळात मी एक भयंकर चूक केली होती तीही सांगून टाकते. टेबलाखाली छोटा हीटर आणला, 1500 वॉटचा. पहिल्याच दिवशी आमच्या रांगेचा एमसीबी, म्हणजे जास्त भार आला की वीज तोडणारा खटका, उडाला, सहा कॉम्प्युटर बंद आणि एकाची सेव्ह न केलेली फाइल गेली. त्या माणसाने मला तीन दिवस नुसतं बघितलं, बोलला नाही काही. हीटर आणू नका.

बोटं गारठली की आपण हातमोजे शोधतो, मीही अर्धी बोटं उघडी राहणारे आणले होते, टायपिंगला ठीक आहेत. पण पोट-छातीची ऊब 37 डिग्रीच्या आसपास टिकवायची म्हणून शरीर हातापायांचं रक्त कमी करतं, त्यामुळे धड गार असेल तर हातमोज्यात बोटं गारच राहतात. मला गळा झाकणं आणि आतून एक पातळ थर्मल घालणं याने जास्त फरक पडला. मोजे जाड घ्या पण घट्ट नकोत, त्याने रक्तच अडतं. आणि उठा हो मधूनमधून, बसलेला माणूस जेमतेम 100 वॉट उष्णता काढतो, सावकाश चाललं तरी जवळपास दुप्पट. मी फोन आला की चालतच बोलते, लोकांना वाटतं फार महत्त्वाचा कॉल आहे.

राहिला पुठ्ठा. फरशी पायातली ऊब ओढून घेते, पुठ्ठ्याच्या नळ्यांत हवा अडकलेली असते म्हणून तो मध्ये आला की घोटे दुखायचे थांबतात, मला तर स्वेटरपेक्षा यानेच बरं वाटलं. फक्त सफाईवाल्या मावशींनी तो दोनदा कचरा समजून टाकून दिला. तिसऱ्या पुठ्ठ्यावर मी मार्करने मोठ्ठं लिहिलंय, 'मावशी, हा माझा आहे.' काल बघितलं तर खाली त्यांनी पेनाने लिहिलेलं, 'मग पुसायचा का?'