माईक कुठला घेऊ विचारण्याआधी खोलीत एकदा टाळी वाजवा

घरी गाणं रेकॉर्ड करायचंय म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, माईक कुठला घेऊ? मी उलट विचारतो की खोली कुठली आहे, आणि समोरचा वैतागतो, कारण त्याने ऑलरेडी चार व्हिडिओ बघून एक चकचकीत कंडेन्सर माईक मनात पक्का केलेला असतो. पण खरं सांगतो, माईकला तुमचा आवाज आणि भिंतीवर आपटून आलेला तुमचाच आवाज यातला फरक कळत नाही, तो दोन्ही इमानदारीत घेतो.

म्हणून आधी मोकळ्या खोलीत एक जोरात टाळी वाजवा. टाळीमागून टर्रर्र असं काहीतरी ऐकू आलं तर समोरासमोरच्या दोन कोऱ्या भिंती आवाज एकमेकींकडे फेकतायत. हा असा आवाज एकदा रेकॉर्डिंगमध्ये घुसला की नंतर नीटसा निघत नाही. प्लगइन (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायचे छोटे प्रोग्रॅम) आहेत त्यासाठी, पण त्यांनी थोडंफारच साफ होतं आणि जास्त ताणलं की गळा पाण्याखालून गातोय असं वाटायला लागतं. त्यापेक्षा ज्या खोलीत गादी, पडदे, कपड्यांनी भरलेलं कपाट आहे तिथे बसा, पाठीमागे जाड रजई टांगा. मागे का, तर तुम्ही माईककडे तोंड करून गाता म्हणजे माईकचं तोंड तुमच्या मागच्या भिंतीकडे असतं ना! आणि ते भिंतीवर चिकटवायचे पातळ फोमचे चौकोन, ते फक्त वरच्या पट्टीतला आवाज शोषतात, खालचा घुमारा आहे तसाच राहतो, मग खोली डब्यासारखी वाजते. खालचं आवरायचं तर रॉकवूल किंवा ग्लासवूलचे (दगडाच्या किंवा काचेच्या तंतूंची लोकर) किमान 10 सेंटीमीटर जाडीचे पॅनल लागतात, तेही कोपऱ्यात.

आता माईक. कंडेन्सर खूप बारीक ऐकतो, श्वास, तारेवरचं बोट, सगळं, पण त्याच बारकाईने पंखा, फ्रीज आणि खालच्या रस्त्यावरचा हॉर्नपण ऐकतो. खोली शांत आणि मऊ असेल तर बिनधास्त घ्या. नसेल तर डायनॅमिक, म्हणजे जरा कमी तिखट कानाचा माईक. शुअरचे एसएम57 आणि एसएम58 हे 1960च्या दशकातले माईक आजही स्टेजवर आणि स्टुडिओत दोन्हीकडे चालतात यातच सगळं आलं. डायनॅमिक जवळून गायला लावतो आणि तिथेच खरा फायदा आहे, तोंड आणि माईकमधलं अंतर निम्मं केलं की तुमचा आवाज साधारण 6 डेसिबलने वाढतो आणि खोलीचा आवाज जवळपास तेवढाच राहतो. अगदी चिकटून गायलं तर आवाजात खालचा भारदस्तपणा जरा जास्तच येतो, तेवढं सांभाळा. कार्डिऑइड माईक (म्हणजे मुख्यतः समोरचं ऐकणारे) मागच्या बाजूने कमी ऐकतात, तेव्हा कॉम्प्युटरचा फॅन माईकच्या पाठीमागे येईल असं बसा. हे फुकटात होतं आणि तरी कोणी करत नाही.

यूएसबी माईक वाईट नसतात, एकट्याचा आवाज आणि पॉडकास्ट असेल तर काम होतं. पण उद्या गाणं आणि गिटार एकदम वेगवेगळ्या ट्रॅकवर घ्यायचं ठरलं की अडकलात, कारण दोन यूएसबी माईक एकाच वेळी नीट चालवणं म्हणजे डोक्याला ताप. म्हणून मी दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माईक कॉम्प्युटरला जोडणारा डबा, सांगतो. एक पण नको आणि आठ तर अजिबात नको, घरी एका वेळी आठ माईक कोण लावतंय? गाणं आणि गिटार, किंवा तबल्याला दोन माईक, एवढ्यात बहुतेकांचं भागतं. त्यावर 48 व्होल्टचं फँटम पॉवरचं (केबलमधूनच माईकला वीज देणारं) बटण आहे ना बघा, कंडेन्सरला ते लागतंच. आणि गेन, म्हणजे माईकचा आवाज किती वाढवता येतो, तो किती डेसिबल मिळतो तेही बघा, कारण काही डायनॅमिक माईक फार हळू आवाज देतात, शुअर एसएम7बीला तर 60 डेसिबलच्या आसपास गेन लागतो, स्वस्तातला प्रीअँप (इंटरफेसमधला आवाज वाढवणारा भाग) तिथे सूंऽऽ करायला लागतो.

इंटरफेसच्या खोक्यावर 192 किलोहर्ट्झ वगैरे (सेकंदाला आवाजाचे किती नमुने, म्हणजे सॅम्पल, घेतले जातात तो आकडा) मोठमोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, त्याकडे दुर्लक्ष करा. 44.1 किंवा 48 किलोहर्ट्झ आणि 24 बिट (प्रत्येक नमुना किती बारकाईने मोजला ते), बस. 24 बिटमध्ये एवढी जागा असते की मीटर लालला टेकवायची गरज नाही, सगळ्यात मोठा सूर उणे 12 डेसिबलच्या आसपास राहिला तरी छान.

खरी कटकट लेटन्सीची, म्हणजे आवाज पोचायला होणाऱ्या उशिराची. गाताना हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा आला की लय गेलीच म्हणून समजा. 44.1वर 1024 सॅम्पलचा बफर (कॉम्प्युटर एका वेळी साठवून पुढे पाठवतो तो आवाजाचा तुकडा) म्हणजे एका बाजूने सुमारे 23 मिलिसेकंद उशीर, आणि जाऊन येऊन त्याहून जास्त. 128 वर आणला की एका बाजूचं तेच 3 मिलिसेकंदाच्या आत येतं. रेकॉर्ड करताना बफर कमी, मिक्स करताना वाढवायचा, नाहीतर कॉम्प्युटर कडकड आवाज काढतो. विंडोजवाल्यांनी इंटरफेसच्या कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (हा उशीर कमी ठेवणारा) टाकायचा, मॅकवर ही भानगड नाही. आणि इंटरफेसला डायरेक्ट मॉनिटरिंगचं बटण असेल तर अर्धी डोकेदुखी तिथेच संपते, तुमचा आवाज कॉम्प्युटरमधून फिरून न येता थेट कानात येतो.

स्पीकर आधी की हेडफोन? हेडफोन, आणि तेही बंद पाठीचे, नाहीतर तालासाठी कानात लावलेल्या क्लिकचा टिकटिक आवाज माईकमध्ये जातो. छोट्या खोलीत स्पीकर बेसबद्दल धडधडीत खोटं बोलतात, दोन भिंतींमध्ये 3 मीटर अंतर असेल तर 57 हर्ट्झच्या आसपासचा सूर एका जागी फुगतो आणि दोन पावलं सरकलं की गायब.

सॉफ्टवेअरवर लोक सगळ्यात जास्त भांडतात आणि तिथेच सगळ्यात कमी फरक पडतो. मॅक असेल तर गॅरेजबँड फुकट आहे, सुरू करा. विंडोज असेल तर रीपर, 60 दिवस सगळ्या फीचरसकट वापरून बघता येतं, हलकं आहे, जुन्या मशीनवरपण पळतं (हे ज्याने बनवलं त्यानेच गाणी वाजवायचं जुनं विनअँप बनवलं होतं, मला उगाच त्याबद्दल माया आहे). दिसायला ओबडधोबड आहे, पण थीम बदलता येते. बीट्स बनवायचे असतील तर एफएल स्टुडिओ, लूपवर (पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या तुकड्यांवर) खेळायचं असेल तर एबलटन. ऑडॅसिटी एडिटिंगला मस्त, पण त्यात दहा ट्रॅकचं गाणं बांधायला बसू नका. ओळखीचं कोणी एखादं सॉफ्टवेअर रोज वापरत असेल तर डोळे झाकून तेच घ्या, रात्री अकराला आवाज येईनासा झाला की मॅन्युअलपेक्षा त्याचा फोन उपयोगी पडतो.

हां, स्टँड राहिलाच. जड बुडाचा घ्या, हलका असेल तर माईक लावल्यावर मान टाकतो. पॉप फिल्टर (माईकपुढे लावायची जाळी) घ्या, नाहीतर प आणि फ नुसते फटफटतात. आणि माईक इंटरफेसला जोडायची एक्सएलआर केबल एक जास्तीची ठेवा.