तुम्ही विचारलंत म्हणून: फुकटच्या पैशात लोभ मोजता येतो का?

फळ्यावर नोटा चिकटवायच्या, वर ‘गरज असेल तेवढे घ्या’ लिहायचं आणि लपून चित्रण करायचं. सुटाबुटातला मूठभर नेतो, भाजीवाली एकच नोट घेते. असा व्हिडिओ पाठवून लोक मला विचारतात, ‘माणूस असाच ना?’ असेलही. पण या फळ्यावरून ते कळत नाही. कोणाच्या घरी आजारपण आहे, कोणाचा हप्ता थकलाय, हे फळ्याला काय ठाऊक? शिवाय कोणते तुकडे दाखवायचे, ते चित्रण करणाराच ठरवतो.

१९९४ मध्ये प्रसिद्ध झालेला, अर्थशास्त्रज्ञ व्हर्नन स्मिथ आणि सहकाऱ्यांचा अ‍ॅरिझोना विद्यापीठातला प्रयोग पाहा. १४ पाकिटं, म्हणजे लिफाफे. बारांत एकेक डॉलरच्या दहा नोटा आणि नोटेच्या आकाराचे दहा कोरे कागद; उरलेल्या दोनांत वीसही कागद कोरेच. एकेकाने खोलीच्या मागे जायचं, पुठ्ठ्याच्या खोक्याच्या आडोशाला पाकीट उघडायचं, नोटा-कागद मिळून दहा काढून घ्यायचे, दहा आत ठेवून पाकीट बंद करायचं. आत राहिलेलं दुसऱ्या खोलीतल्या अनोळखी माणसाचं. कोरे कागद कशाला? नोटा काढल्या तरी पाकीट तेवढंच जाड राहावं म्हणून. दोन पाकिटं पूर्ण कोरी कशाला? नुसते कागद पोचले तरी ते कोणी मुद्दाम ठेवले असं छातीठोकपणे म्हणता येऊ नये म्हणून. कोणी काय ठेवलं, हे संशोधकालाही कळायची सोय नाही. सुमारे ६४ टक्के विद्यार्थ्यांनी पलीकडच्यासाठी पाकिटात एक डॉलरही ठेवला नाही.

‘बघा, म्हणजे लोभीच!’ थांबा. १९९६ मध्ये एकेल आणि ग्रॉसमन या अर्थशास्त्रज्ञांनी अशाच गुप्ततेत पलीकडे अनोळखी विद्यार्थ्याऐवजी रेड क्रॉस ही मदतसंस्था ठेवली, तर सरासरी देणं दहा टक्क्यांच्या आसपास होतं ते तीस टक्क्यांवर गेलं. पलीकडच्याला गरज आहे असं दिसलं की हात सुटतो. खूश झालात? मग अर्थशास्त्रज्ञ जॉन लिस्ट यांचा २००७ चा प्रयोग ऐका. त्यात देण्याबरोबरच समोरच्याचे पाच डॉलरपर्यंत काढून घ्यायचीही मुभा दिली. तेव्हा देणारे दहातल्या सातांवरून जेमतेम एकावर आले.

पाकिटाचा निकाल हाच माणसाचा खरा चेहरा, असं मी पूर्वी ठासून सांगत असे. आता तेवढं ठासून म्हणवत नाही. कोणी बघत नसताना ठेवून घेणारा खरा, की चार लोकांत देणारा खरा? माझ्या मते दोघंही. हे उत्तर कोणालाच आवडत नाही, त्याला माझा इलाज नाही.

पाकिटाचा प्रयोग करूनच पाहायचा असेल तर दहाच्या वापरलेल्या नोटा घ्या, करकरीत नोटा वाजतात. नव्या मालिकेतली नोट १२३ बाय ६३ मिलिमीटरची आहे, कागद तेवढेच कापा. नाणी नकोत. आणि निकाल सांगाल तेव्हा पैसे कोणाला मिळणार होते, तेही सांगा.